अणुअंकावरून आवर्तसारणीतला पत्ता: इलेक्ट्रॉन संरूपण लिहिण्याची पायरीपायरीची पद्धत

आवर्तसारणी समोर आली की बहुतेक जण ती पाठ करायला घेतात. पहिली वीस नावे कशीबशी तोंडपाठ होतात आणि स्कँडिअमपाशी गाडी अडते. खरे तर पाठांतर लागते ते फार थोडे. मूलद्रव्याचा अणुअंक माहीत असला आणि इलेक्ट्रॉन कोणत्या क्रमाने भरत जातात हे ठाऊक असले, की त्या मूलद्रव्याचे आवर्त (सारणीतली आडवी ओळ), गण (उभा रकाना), खंड (सारणीचा भाग), संयुजा (अणू किती इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा वाटून घेतो तो आकडा) आणि पुष्कळदा त्याच्या ऑक्साइडचे सूत्रसुद्धा कागदावर काढता येते. रिकामा कागद, पेन्सिल आणि ताळा पाहायला छापील सारणी एवढेच साहित्य लागते. सारणी मात्र उत्तर काढून झाल्यावरच उघडायची.

लेखनाबद्दल एक खुलासा. केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन ज्या थरांत असतात ती कवचे, कवचांचे भाग ती उपकवचे आणि कुठे किती इलेक्ट्रॉन आहेत ही मांडणी म्हणजे संरूपण. उपकवचातल्या इलेक्ट्रॉनांची संख्या वहीत वरच्या बाजूला लहान अक्षरात लिहितात. इथे ती कंसात दिली आहे, म्हणजे २पी(४) याचा अर्थ दुसऱ्या कवचाच्या पी उपकवचात चार इलेक्ट्रॉन.

पायरी १: आधी मोजणी

अणुअंक म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या. ती एकने बदलली तरी मूलद्रव्य बदलते. उदासीन अणूत इलेक्ट्रॉन प्रोटॉनांइतकेच असतात. न्यूट्रॉन काढायचे तर अणुवस्तुमानांकातून (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या) अणुअंक वजा करायचा.

इथेच पहिली चूक होते. क्लोरिनच्या चौकटीत ३५.४५ हा आकडा दिसतो, त्यातून १७ वजा केले की १८.४५ न्यूट्रॉन येतात आणि गणित करणारा चक्रावतो. सारणीतला तो आकडा समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या न्यूट्रॉनसंख्येच्या अणूंच्या वस्तुमानांची, सरासरी आहे. निसर्गात क्लोरिनचे अणू दोन प्रकारचे सापडतात: अणुवस्तुमानांक ३५ असलेले सुमारे ७६ टक्के आणि ३७ असलेले सुमारे २४ टक्के. एखाद्या अणूत न्यूट्रॉन १८ असतील किंवा २०. साडेअठरा कोणातच नसतात. प्रश्नात समस्थानिक दिलेले नसेल तर न्यूट्रॉनांची नेमकी संख्या सांगता येत नाही, असेच उत्तर लिहावे.

आयनांची, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या किंवा मिळवलेल्या अणूंची, मोजणी उलटी चालते. धनप्रभार म्हणजे इलेक्ट्रॉन गेले, ऋणप्रभार म्हणजे आले. अधिक चिन्ह पाहून इलेक्ट्रॉन मिळवण्याची चूक इतकी सार्वत्रिक आहे, की सुरुवातीला प्रत्येक आयनासाठी वजाबाकी लिहूनच काढावी. दोन धनप्रभार असलेल्या कॅल्शिअम आयनात २० − २ = १८ इलेक्ट्रॉन, तर दोन ऋणप्रभार असलेल्या सल्फाइड आयनात १६ + २ = १८. प्रोटॉनांना दोन्हीकडे कोणी हात लावलेला नाही.

सारणी अणुअंकावर का उभी आहे, वस्तुमानावर का नाही, हेही इथेच पाहून घ्यावे. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९ साली मूलद्रव्ये लावली ती अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने. पण टेल्युरिअम (१२७.६) हे आयोडिनपेक्षा (१२६.९) जड असूनही गुणधर्म पाहून त्याला आयोडिनच्या आधी बसवावे लागले. पुढे अरगॉन (३९.९५) आणि पोटॅशिअम (३९.१०) यांचीही तीच अडचण निघाली. १९१३ मध्ये इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ मोस्ले याने क्ष-किरणांच्या वारंवारतेवरून केंद्रकाचा प्रभार मोजला आणि क्रम वस्तुमानाचा नसून अणुअंकाचा आहे हे दाखवून दिले.

पायरी २: कवचांची सोपी रीत, विसापर्यंतच

कवचांना आतून बाहेर के, एल, एम, एन म्हणतात. कवचाचा क्रमांक घ्या, त्याचा वर्ग करा, दोनने गुणा: कमाल धारकता २, ८, १८, ३२ अशी मिळते. सोडिअम (११) २, ८, १ होतो, क्लोरिन (१७) २, ८, ७ आणि अरगॉन (१८) २, ८, ८.

आता पोटॅशिअम. तिसऱ्या कवचात १८ मावतात, तर एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिथेच जाऊन २, ८, ९ का होत नाही? संरूपण २, ८, ८, १ असेच का? 'बाह्यतम कवचात आठांपेक्षा जास्त इलेक्ट्रॉन राहत नाहीत' असे ठरलेले उत्तर दिले जाते. उत्तर चूक नाही, पण ते कारण नव्हे; इलेक्ट्रॉन ज्या क्रमाने भरतात त्याचा तो परिणाम आहे. हा फरक लक्षात न घेता पुढे गेले की एकविसाव्या मूलद्रव्याचे संरूपण २, ८, ८, ३ असे लिहिले जाते आणि स्कँडिअम थेट अ‍ॅल्युमिनिअमखाली जाऊन बसतो. त्याचे खरे संरूपण २, ८, ९, २ आहे. म्हणून कवचांची रीत कॅल्शिअमपाशी सोडून द्यायची.

पायरी ३: उपकवचे आणि भरण्याचा क्रम

प्रत्येक कवचात उपकवचे असतात. पहिल्यात फक्त एस. दुसऱ्यात एस आणि पी. तिसऱ्यात एस, पी, डी. चौथ्यात एस, पी, डी, एफ. त्यांची धारकता २, ६, १०, १४. हे चार आकडे मात्र पाठ हवेतच. पुढचे सगळे त्यांच्यावर चालते.

क्रम ठरवायला प्रत्येक उपकवचाची एक बेरीज करायची: कवचाचा क्रमांक अधिक उपकवचाचा आकडा. एससाठी ०, पीसाठी १, डीसाठी २, एफसाठी ३. ज्याची बेरीज कमी ते आधी भरते. बेरीज सारखी आली तर ज्याचा कवच क्रमांक लहान ते आधी. ४एस ची बेरीज ४ + ० = ४ आणि ३डी ची ३ + २ = ५, म्हणून ४एस आधी. ३डी, ४पी आणि ५एस या तिघांची बेरीज ५. तेव्हा ३डी, मग ४पी, मग ५एस. अशा रीतीने पूर्ण क्रम मिळतो:

१एस, २एस, २पी, ३एस, ३पी, ४एस, ३डी, ४पी, ५एस, ४डी, ५पी, ६एस, ४एफ, ५डी, ६पी, ७एस, ५एफ, ६डी, ७पी.

वर्गात तिरप्या बाणांची जी आकृती काढतात ती याच बेरजेची आहे. बाण एकदा चुकला की पुढचे सगळे चुकते. बेरीज कुठूनही नव्याने करता येते, म्हणून आकृतीपेक्षा बेरीज बरी.

४एस आधी का भरते? एस उपकवचातला इलेक्ट्रॉन बहुतांश बाहेर असला तरी आतल्या इलेक्ट्रॉनांचा पडदा भेदून केंद्रकाच्या अगदी जवळही आढळतो. डी इलेक्ट्रॉनाचा तिथे फारसा शिरकाव नसतो. त्यामुळे पोटॅशिअम आणि कॅल्शिअममध्ये ४एस ची ऊर्जा ३डी पेक्षा कमी पडते. स्कँडिअमपासून पुढे मात्र वाढत्या केंद्रकीय प्रभारामुळे ३डी झपाट्याने खाली येते. ही गोष्ट सातव्या पायरीत पुन्हा लागणार आहे.

पायरी ४: चौकटींत बाण

उपकवचात कक्षक, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जोडीच्या जागा, असतात: एसमध्ये १, पीमध्ये ३, डीमध्ये ५, एफमध्ये ७. प्रत्येक कक्षकासाठी एक चौकट काढायची. एका चौकटीत जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन, तेही विरुद्ध फिरकीचे, म्हणजे एक बाण वर आणि एक खाली. हा पाउलीचा नियम. हुंडचा नियम असा, की समान ऊर्जेच्या चौकटींत आधी एकेक बाण, सगळे एकाच दिशेने, आणि त्यानंतर जोड्या.

नायट्रोजनच्या २पी मध्ये तीन इलेक्ट्रॉन, तीन चौकटींत एकेक. ऑक्सिजनचा चौथा इलेक्ट्रॉन कोणाच्या तरी चौकटीत जोडीला जातो आणि तिथे दोघांचे प्रतिकर्षण वाढते. त्याचा पुरावा प्रयोगात दिसतो. पहिला इलेक्ट्रॉन काढायला नायट्रोजनला १४०२ किलोज्यूल प्रति मोल लागतात, तर त्याच्या उजवीकडच्या ऑक्सिजनला १३१४. आवर्तात उजवीकडे जाताना ही ऊर्जा वाढायला हवी, असा सरधोपट नियम सांगणाऱ्याला इथे ठेच लागते. नायट्रोजनच्या पी चौकटी आधी जोड्यांनी भरून 'दोन, एक, शून्य' असे काढणाऱ्याला ही घट समजावताच येत नाही.

पायरी ५: सारणी स्वतः काढणे

चौकटींच्या कागदावर १८ रकाने आणि ७ ओळी आखा. डावीकडचे दोन रकाने एस खंडाचे, उजवीकडचे सहा पी खंडाचे, मधले दहा डी खंडाचे. एफ खंडाच्या चौदा रकान्यांच्या दोन ओळी खाली वेगळ्या. २, ६, १०, १४ हेच आकडे पुन्हा आले, आणि सारणीचा तो विचित्र, मध्ये खोलगट आकार त्यांच्यामुळेच आहे.

आता तिसऱ्या पायरीतला क्रम वाचत चौकटी भरा. नव्या एसपाशी नवी ओळ सुरू होते आणि पी भरले की ती संपते (पहिली ओळ १एस पाशीच संपते). पहिल्या ओळीत २, दुसरीत २ + ६ = ८, तिसरीत ८, चौथीत २ + १० + ६ = १८, पाचवीत १८, सहावीत २ + १४ + १० + ६ = ३२ आणि सातवीत ३२. एकूण ११८. ओळींची टोके २, १०, १८, ३६, ५४, ८६, ११८ अशी येतात. हे राजवायूंचे (सहसा कोणाशी संयोग न पावणाऱ्या मूलद्रव्यांचे) अणुअंक: हेलिअम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन आणि शेवटचा, कृत्रिमरीत्या तयार केलेला ओगानेसॉन.

भरताना हेलिअम अडवतो. संरूपण १एस(२), म्हणजे खंड एस. मग त्याला बेरिलिअमच्या डोक्यावर दुसऱ्या गणात का बसवत नाहीत? त्याचे एकमेव कवच पूर्ण भरले आहे आणि वागणूक राजवायूची आहे, म्हणून त्याची जागा अठराव्या गणात. हायड्रोजन पहिल्या गणात लिहितात खरा, पण तो त्या गणातल्या सोडिअम, पोटॅशिअमसारखा अल्कली धातू नव्हे.

पायरी ६: पत्ता काढणे

मोठ्या अणुअंकासाठी सुरुवातीपासून लिहीत बसू नये. अणुअंकाच्या लगेच खालचा राजवायू चौकोनी कंसात लिहायचा आणि उरलेले इलेक्ट्रॉन पुढच्या एसपासून भरायचे. मग तीन गोष्टी वाचायच्या. शेवटचा इलेक्ट्रॉन ज्या उपकवचात गेला तो खंड. संरूपणातला सर्वांत मोठा कवच क्रमांक हे आवर्त. गण मात्र खंडानुसार: एस खंडात बाह्य एसमधले इलेक्ट्रॉन, पी खंडात पीमधले इलेक्ट्रॉन अधिक १२, डी खंडात शेवटच्या एस आणि डी मधल्या इलेक्ट्रॉनांची बेरीज.

अणुअंक ३४ घेऊ. अरगॉनचे १८ गेले, उरले १६. [अरगॉन] ४एस(२) ३डी(१०) ४पी(४). खंड पी, आवर्त ४, गण १२ + ४ = १६. हे सेलेनिअम, गंधकाच्या बरोबर खाली. इथे गणाचा क्रमांक १६ असला तरी बाह्य कवचातले इलेक्ट्रॉन सहाच आहेत, २ + ४. ३डी मधले दहा आतल्या कवचात मोडतात. संयुजा काढताना ते धरले की उत्तर भलतीकडेच जाते.

अणुअंक २६: [अरगॉन] ४एस(२) ३डी(६). खंड डी, गण २ + ६ = ८, आवर्त ४. शेवटचा इलेक्ट्रॉन ३डी मध्ये गेला म्हणून आवर्त ३ लिहिणारे पुष्कळ असतात. आवर्त सर्वांत मोठ्या कवचावरून ठरते आणि ते ४एस चे आहे. हे लोह.

अणुअंक ८२: झेनॉनचे ५४ वजा करून २८ उरले. ६एस(२), ४एफ(१४), ५डी(१०), ६पी(२). बेरीज २८, हिशेब जुळला. गण १४, आवर्त ६: शिसे. ही बेरीज प्रत्येक वेळी करावी. ४एफ विसरले गेले तर ती तिथल्या तिथे पकडते. एफ खंडातल्या मूलद्रव्यांना गण क्रमांक सहसा देत नाहीत. निओडिमिअम (६०) म्हणजे [झेनॉन] ६एस(२) ४एफ(४): आवर्त ६, खंड एफ, एवढे पुरे.

अणुअंक ३१ जरा थांबून पाहण्यासारखा. [अरगॉन] ४एस(२) ३डी(१०) ४पी(१), गण १३, अ‍ॅल्युमिनिअमच्या खाली. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा. त्याच्या पाव शतकाहून आधी मेंडेलीव्हने केवळ गुणधर्मांच्या आवर्तनावरून अ‍ॅल्युमिनिअम आणि सिलिकॉन यांच्या खालच्या जागा रिकाम्या ठेवल्या होत्या. १८७५ मध्ये गॅलिअम आणि १८८६ मध्ये जर्मेनिअम सापडले. जर्मेनिअमची घनता मेंडेलीव्हने ५.५ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर वर्तवली होती, ती ५.३ च्या आसपास निघाली. त्याने निरीक्षणावरून सोडलेली जागा इथे दोन ओळींच्या बेरजेत हाती येते.

पायरी ७: आयन, आणि सगळ्यात जास्त गुण जातात ती जागा

एस आणि पी खंडात काम सोपे आहे. सोडिअम बाह्य एक इलेक्ट्रॉन देतो आणि निऑनचे संरूपण मिळवतो. क्लोरिन एक घेतो आणि अरगॉनचे. डी खंडात मात्र भरण्याचा क्रम उलटा केला की काढण्याचा क्रम मिळतो असे नाही. भरताना ४एस आधी, काढतानाही ४एस च आधी. 'शेवटी आला तो आधी जाईल' हा तर्क इथे चालत नाही, कारण वर म्हटल्याप्रमाणे ३डी एव्हाना खाली गेलेले असते आणि बाहेरचे कवच चौथे आहे.

म्हणून दोन धनप्रभाराचे लोह आयन [अरगॉन] ३डी(६), आणि [अरगॉन] ४एस(२) ३डी(४) हे चूक. तीन धनप्रभाराचे [अरगॉन] ३डी(५). चूक टाळायला एक सवय लावून घ्यावी: भरून झाल्यावर संरूपण कवचांच्या क्रमाने पुन्हा लिहायचे, ३डी(६) ४एस(२), आणि इलेक्ट्रॉन उजवीकडून काढत जायचे.

क्रोमिअम (२४) आणि तांबे (२९) हे दोन अपवाद लक्षात ठेवावेच लागतात. क्रोमिअम ३डी(५) ४एस(१), तांबे ३डी(१०) ४एस(१). अर्धे किंवा पूर्ण भरलेले डी उपकवच स्थिर असते, हे नेहमीचे स्पष्टीकरण या दोघांपुरते चालते. त्याचा सार्वत्रिक नियम करून खालच्या ओळींना लावू नये. टंग्स्टन क्रोमिअमच्याच गणातला, पण त्याचे संरूपण ५डी(४) ६एस(२) असे, नियमाप्रमाणेच आहे.

पायरी ८: पत्त्यावरून गुणधर्म

संयुजेचा प्रत्यक्ष पुरावा आयनीकरण ऊर्जेत, म्हणजे इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेत, दिसतो. मॅग्नेशिअमचे इलेक्ट्रॉन एकापाठोपाठ एक काढायला ७३८, १४५१ आणि मग एकदम ७७३३ किलोज्यूल प्रति मोल लागतात. उडी दुसऱ्या इलेक्ट्रॉननंतर, म्हणजे बाहेर दोनच होते. अनोळखी मूलद्रव्याचे असे आकडे दिले तर मोठी उडी शोधायची. तिच्या आधी जितके इलेक्ट्रॉन निघाले तितके बाह्य इलेक्ट्रॉन.

सूत्र लिहिताना संयुजांची अदलाबदल करायची. अ‍ॅल्युमिनिअमची ३, ऑक्सिजनची २. म्हणून दोन अ‍ॅल्युमिनिअमला तीन ऑक्सिजन. मॅग्नेशिअम आणि ऑक्सिजन दोघांची २ असल्याने दोनास दोन येते, ते संक्षेप करून एकास एक लिहायचे.

आवर्तात डावीकडून उजवीकडे अणू आकसतो: सोडिअमची त्रिज्या १८६ पिकोमीटर, क्लोरिनची ९९. इलेक्ट्रॉन वाढूनही आकार घटतो हे पटत नाही, पण ते सगळे त्याच कवचात येतात आणि प्रोटॉन मात्र वाढत जातात. गणात खाली जाताना नवे कवच येते, आकार वाढतो आणि इलेक्ट्रॉन काढणे सोपे होत जाते. तेराव्या गणात पहिला इलेक्ट्रॉन काढण्याची ऊर्जा पाहिली तर हे अडखळते. अ‍ॅल्युमिनिअम ५७८ किलोज्यूल प्रति मोल, त्याखालचे गॅलिअम ५७९. दोघांच्या मध्ये ३डी चे दहा इलेक्ट्रॉन आणि दहा प्रोटॉन वाढले आहेत. डी इलेक्ट्रॉनांचा पडदा विरळ असल्याने केंद्रकाची ओढ बाहेरपर्यंत पोचते.

समान इलेक्ट्रॉन असलेल्या आयनांची तुलना करताना फक्त प्रोटॉन पाहायचे. पहिल्या पायरीतले सल्फाइड आणि कॅल्शिअम आयन दोन्ही १८ इलेक्ट्रॉनांचे, पण सल्फाइडची त्रिज्या सुमारे १८४ पिकोमीटर आणि कॅल्शिअमची सुमारे १००.

सरावासाठी पाच अणुअंक: १५, २५, २९, ३८, ५३. आधी संरूपण, मग खंड, आवर्त, गण. २५ आणि २९ साठी दोन धनप्रभाराचा आयनही लिहा. उत्तरे झाकून ठेवावीत.

१५: [निऑन] ३एस(२) ३पी(३), आवर्त ३, गण १५, फॉस्फरस.
२५: [अरगॉन] ४एस(२) ३डी(५), आवर्त ४, गण ७, मँगनीज; आयन [अरगॉन] ३डी(५).
२९: [अरगॉन] ४एस(१) ३डी(१०), आवर्त ४, गण ११, तांबे, आयन [अरगॉन] ३डी(९).
३८: [क्रिप्टॉन] ५एस(२), आवर्त ५, गण २, स्ट्रॉन्शिअम.
५३: [क्रिप्टॉन] ५एस(२) ४डी(१०) ५पी(५), आवर्त ५, गण १७, आयोडिन.

तांब्याच्या आयनात ३डी(१०) लिहिले गेले असेल तर एकच इलेक्ट्रॉन काढला गेला आहे. ३डी(८) ४एस(१) लिहिले असेल तर सातवी पायरी पुन्हा वाचावी.